पाणाड्याचा नारळ आणि कोरड्या बोअरची नोंद

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पसरलेल्या नांदगाव तालुक्यात, जेथे गिरणेचे मोठे धरण तालुक्याच्याच हद्दीत असूनही उन्हाळ्यात मनमाडसारख्या शहराला नळाच्या पाण्याची अनेक दिवस वाट पाहावी लागत असे, तेथे अतींद्रिय शक्तीचा प्रश्न तत्त्वज्ञांपुरता उरत नाही; कर्ज काढून बोअर घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याला तो व्यवहारातच सोडवावा लागतो. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ चालता चालता उभा राहिला, किंवा दोन्ही मुठींत धरलेली कडुलिंबाची दुबेळकी डहाळी एकाएकी खाली वळली, की तेथे खुंटी ठोकली जाते आणि दुसऱ्या दिवशी तेथे बोअरची गाडी उभी राहते.

अशी पाण्याची जागा दाखविणाऱ्या पाणाड्याविषयीचा वाद पूर्वी चावडीवर होत असे, आता तो हातातल्या फोनवरही होतो. पण त्याचे स्वरूप बदललेले नाही. श्रद्धावान मनुष्य सांगतो की आमच्या वस्तीवर अमक्याने जागा दाखविली आणि दोन इंच पाणी लागले. संशयवादी विचारतो की नारळाला पाणी कळते याला शास्त्राचा आधार काय. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला लागू पडत नाही आणि दुसऱ्याचा प्रश्न पहिल्याच्या मनाला शिवत नाही. कारण श्रद्धावान नारळाच्या सिद्धांताची बाजू मांडतच नसतो. ज्याने त्याच्या रानातून उन्हात अनवाणी फिरून, 'येथे मार' असे निःशंकपणे सांगून, एका भयंकर निर्णयाचा भार आपल्या खांद्यावर घेतला, त्या माणसाची तो बाजू मांडत असतो. भूजलशास्त्रज्ञ विद्युतरोध मोजून शक्यता सांगतो, हमी देत नाही. तसे सांगण्यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. परंतु सावकाराच्या दाराशी जाऊन आलेल्या माणसाला शक्यतेपेक्षा हमी अधिक हवी असते. ही गोष्ट ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याने कितीही बिनतोड युक्तिवाद केला तरी त्या शेतकऱ्याचे मन वळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

संशयवाद्यांकडून आणखी एक अन्याय घडतो, आणि तो अधिक गंभीर आहे: ते प्रत्येक पाणाड्याला भोंदू ठरवून मोकळे होतात. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1852 मध्येच दाखविले होते की मनात वसलेली अपेक्षा माणसाच्या नकळत त्याच्या स्नायूंना हालवू शकते. म्हणजे डहाळी हातांनीच वळते, पण वळविणाऱ्याला त्याची जाणीव नसते. पाणाडी लबाड नसूनही चुकीचा असू शकतो. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी सापडते ते कुजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर बसला त्या सांध्यांत. ओढ्याचे वळण, जमिनीचा उतार, उन्हाळ्यातही हिरवी राहणारी झाडे ही लक्षणे जन्मभर पाहिलेल्या डोळ्याला पुष्कळ काही सांगून जातात. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेच्या दकार्गल या अध्यायात वृक्षांवरून आणि वारुळांवरून भूगर्भजलाचा माग काढण्याची जी विद्या नोंदविली, ती या निरीक्षणाच्याच जातीची आहे. तिचे निष्कर्ष सर्वच खरे ठरतील असे नाही. पण ते तपासता येतात. डोळ्याचे हे श्रेय नारळाच्या खात्यावर जमा होते, ही खरी हानी आहे.

मग निवाडा कसा व्हावा? जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याची नळी जागा बदलून ठेवीत आणि वरच्या मजल्यावरून निवडक 43 पाणाड्यांना तिचा ठाव सांगावयास लावीत. अशा 843 चाचण्या झाल्या. प्रयोगकर्त्यांनी त्यांतल्या थोड्या पाणाड्यांना विलक्षण यश मिळाल्याचा निर्वाळा दिला; पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञांनी तेच आकडे तपासून त्यांत योगायोगापलीकडे काही नाही असे दाखविले. मला एनराइट यांचे म्हणणे पटते. तथापि या प्रकरणाचा बोध असा, की यश कशाला म्हणावयाचे हे आधी मुकरर झाले नाही तर आकडेसुद्धा भांडू लागतात.

याउलट 2008 मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची जी परीक्षा घेतली, तिच्या अटी आधी जाहीर झाल्या होत्या. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्यांतून प्रत्येक ज्योतिषाला 40 देण्यात आल्या; कोणती कुंडली हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची, हे त्याने ओळखावयाचे होते. 51 जणांनी कुंडल्या मागविल्या, 27 जणांनी उत्तरे पाठविली, आणि यशाचे प्रमाण शेकडा 46 च्या आसपास, म्हणजे नाणेफेकीहूनही किंचित कमी निघाले. या परीक्षेत कोणाची हेटाळणी नव्हती. उलट, तुमचा दावा आम्ही गांभीर्याने घेतो असे तीत गृहीत होते. ज्या दाभोलकरांनी संवादाची ही रीत आयुष्यभर चालविली, त्यांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घालून ठार मारण्यात आले. तेव्हा या राज्यात हा वाद सभ्यपणे चालविणे हे प्रत्येक पक्षाचे कर्तव्य होऊन बसले आहे.

नांदगावच्या शेतकऱ्याला अशा परीक्षेसाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पाणी लागलेल्या बोअरची हकीकत पंचक्रोशीत फिरते, कोरडी गेलेली बोअर मात्र घरातले दुःख म्हणून झाकली जाते, आणि म्हणूनच गावाच्या स्मृतीतला साक्षीपुरावा सदैव एकतर्फी राहतो. माझी तालुक्यातील ग्रामसभांना विनंती आहे की त्यांनी एक साधी नोंदवही ठेवावी: जागा कोणी दाखविली, पाणाड्याने की भूजल सर्वेक्षणाने, किती फुटांवर किती पाणी सांगितले, हे गाडी लागण्यापूर्वी लिहावे, आणि नंतर प्रत्यक्षात काय लागले, तेही तिथेच लिहावे. कोरड्या बोअरची नोंद आधी करावी.