शोकाकुलाची शुश्रूषा

श्रीमद्भगवद्गीतेचे निरूपण करणारे बहुधा प्रथमाध्यायावरून त्वरेने पुढे जातात. ज्ञानाचा प्रारंभ दुसऱ्या अध्यायात आहे, प्रथमाध्याय हा केवळ उंबरठा, अशी समजूत त्यामागे असते. परंतु त्या अध्यायात अर्जुनाने स्वमुखाने सांगितलेली लक्षणे सावकाश पाहिली म्हणजे त्या समजुतीची उणीव ध्यानी येते. गात्रे गळून जाणे, मुखास कोरड पडणे, अंगास कंप सुटणे, त्वचेचा दाह होणे, हातातील गांडीव निसटणे, उभे राहण्याचे त्राण न उरणे, मन भ्रमल्यासारखे होणे ही सारी लक्षणे देहाची आहेत. शोकग्रस्ताच्या उशाशी रात्र काढलेल्या कोणत्याही परिचारिकेस ती परिचयाची वाटतील. शोक हा केवळ विचारांचा दोष असता तर धनुष्य हातून का गळावे?

आणि या संपूर्ण अध्यायात श्रीकृष्णचक्रवर्ती काय बोलतात? दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून, जमलेले हे कौरव पाहा, एवढेच. त्यानंतर अर्जुन बोलत राहतो आणि सर्वज्ञ ऐकत राहतात. अर्जुनाचे युक्तिवाद सगळेच खरे नव्हते, हे त्यांना पहिल्याच शब्दास ठाऊक असणार. तरीही ते मध्येच तोडले गेले नाहीत. अर्जुन धनुष्य टाकून रथात खाली बसेपर्यंत त्याला बोलू दिले गेले.

येथे एक आक्षेप संभवतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी देवाने अर्जुनास दुर्बलतेबद्दल कठोर शब्दांत फटकारले आहे. मग शोकग्रस्तास फटकारणे शास्त्रसंमतच नव्हे काय? आक्षेप वरवर पाहता बलवत्तर आहे. पण पुढे काय घडले हे आक्षेपक वाचत नाही. त्या कठोर शब्दांनी अर्जुन उठला नाही. इंद्रियांना शोषून टाकणारा हा शोक पृथ्वीचे अथवा देवांचे राज्य मिळूनही जाणार नाही, असे त्याने उत्तर दिले, युद्ध करणार नाही असे म्हटले आणि तो स्तब्ध झाला. मात्र त्याच वेळी, मी शिष्य आहे, मला शिकवावे, अशी याचना त्याने केली होती. प्रत्यक्ष ज्ञाननिरूपण सुरू झाले ते त्या याचनेनंतर. परमेश्वराच्या मुखातील धिक्काराने जे झाले नाही, ते मनुष्याच्या मुखातील धिक्काराने होईल ही अपेक्षा साहसाचीच म्हणावी लागेल. शिवाय धिक्कारणारा रथ सोडून गेला नव्हता. घोड्यांचे लगाम त्याच्याच हाती होते, आणि अठरा अध्यायांनंतरही त्याने, पूर्ण विचार करून तुझी इच्छा असेल तसे कर, असेच सांगितले.

हे विवेचन ग्रंथापुरते राहू नये म्हणून आजच्या एका गावाकडे वळावे. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये चिखलोली हे गाव आहे. धरण, औद्योगिक वसाहत, कारखाने आणि नव्या इमारती यांनी जुन्या गावठाणाला वेढले आहे. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातून पोटामागे या पट्ट्यात आलेल्या कुटुंबांत वासनिक कुटुंबेही असतात. मूळ गावी मरण झाले तर शोकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी भाकरी, पिठले घेऊन येतात, कडू घास देतात, रात्री सोबतीस निजतात. ही चाल अडाणी लोकांची म्हणून हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. शोकग्रस्ताने दोन घास खावे, एकट्याने निजू नये, एवढी व्यवस्था गाव न बोलता करीत असे. चौथ्या मजल्यावरील बंद दाराआड ती व्यवस्था नाही. तरुण मुलगा गमावलेली आई, तिचा रात्रपाळीस जाणारा पती आणि शाळेत जाणारी धाकटी मुलगी, एवढेच तेथे असतात. दहावा-तेरावा उलटला की नातलग परत जातात. मग शुश्रूषेचा सगळा भार त्या मुलीवर पडतो, आणि तिला कोणी काही शिकवलेले नसते.

अशा घरी भिक्षू, तपस्विनी किंवा उपदेशी मंडळी जातात तेव्हा बाईचे पहाटेचे उठणे थांबलेले असते, पारायण थांबलेले असते. त्यावर कोणी सहज म्हणून जातो की स्मरण उणे पडले म्हणून ही अवस्था झाली. संसार असार आहे हे कळले असते तर असे झाले नसते. वाक्य सिद्धांतदृष्ट्या निर्दोष वाटते, परंतु परिणामाने ते क्रूर आहे. मुलगा गेला, त्यात भर म्हणून परमेश्वरही आपल्यावर रुष्ट झाला, असे त्या बाईस वाटू लागते. नैराश्याच्या व्याधीत अपराधभावना हे स्वतंत्र लक्षण असते. जे रोगाने आधीच मनात पेरले त्यालाच उपदेशाने पाणी घालावे, असा हा प्रकार होतो. वैराग्य हे स्वतःस लावून घेण्याचे औषध आहे. दुसऱ्याच्या जखमेवर ते चोळण्याची आज्ञा कोठेही नाही.

पंथाची स्वतःची परंपरा या बाबतीत फार वेगळे सांगते. श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर श्रीनागदेवाचार्यांवर जो असन्निधानाचा काळ आला, त्यात दुःख नव्हते असे कोणीही म्हणत नाही. ज्यांनी स्वामींचे सन्निधान भोगले त्यांचे दुःख तर इतरांहून थोर होते. ज्ञान कमी म्हणून ते दुःख झाले, असा निष्कर्ष आद्य आचार्यांविषयी काढण्याचे धाडस कोण करील? त्यांना रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेचा आधार होता. स्वतःच्या शोकात रुतलेल्या माणसास दुसऱ्या कोणाची तरी काळजी वाहण्याचे काम मिळणे हा केवढा उपाय आहे! श्रीप्रभूंना रिद्धपूरचे लोक आई आणि बाप या दोन्ही नात्यांनी ओळखीत, पाण्यावाचून तळमळणाऱ्या मातंगांसाठी पाण्याची सोय त्यांच्याच लीळेत आहे, हेही येथे आठवावे. शुश्रूषा हा शब्द मुळात ऐकण्याच्या इच्छेपासून आला आहे. सेवा हा अर्थ त्याच्या पाठोपाठ आला.

त्या ऐकण्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हाइंभटांचे आहे. आचार्य एकांती बसून स्मरण करीत असता, भटो, कशाचे चिंतन चालले आहे, अशा आशयाचा प्रश्न म्हाइंभटांनी केला. स्वामींच्या लीळांचे, असे उत्तर मिळाले. विसरा आता, असे ते म्हणाले नाहीत. मन दुसरीकडे वळवा, असेही म्हणाले नाहीत. त्यांनी सांगण्याची विनंती केली आणि लेखणी घेतली. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात मराठीचा आद्य गद्य चरित्रग्रंथ लीळाचरित्र सिद्ध झाला, त्याच्या मुळाशी विरही माणसाला विचारलेला हा प्रश्न आहे. पुढे म्हाइंभट गावोगाव हिंडून ज्याने जे पाहिले ते त्याच्याच तोंडून ऐकत गेले. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवल्या. शोकाकुलाशी बोलताना हीच रीत उपयोगी पडते. गेलेल्याचे नाव टाळू नये. त्याला काय आवडे, शेवटच्या दिवशी तो काय बोलला, हे आई दहा वेळा सांगेल, दर वेळी थोडे निराळे सांगेल. प्रत्येक वेळी नव्याने ऐकावे. चूक काढू नये.

शेजारच्या उल्हासनगराचा विचार या संदर्भात सहज मनात येतो. महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवले गेले. बराकींमध्ये मध्ये गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नाव नदीवरून आले आणि अर्थानेही शुभ आहे. पण नाव ठेवल्याने उल्हास आला नाही. तो छोट्या छोट्या उद्योगांतून आणि पुष्कळ वर्षांनी आला. आनंदी राहा, असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता शरीराच्या बाजूचे. शोक हा रोग नव्हे, आणि बहुतेकांचा शोक औषधावाचून हळूहळू सह्य होतो. परंतु नैराश्य ही व्याधी आहे. मन खिन्न असणे किंवा कशातच रस न उरणे, याबरोबर झोप व अन्न यांत बिघाड, थकवा, स्वतःला निरुपयोगी मानणे, हे निदान दोन आठवडे जवळजवळ रोज चालले तर वैद्याकडे गेलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत, सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्रतेने टिकून जीवन अडवून धरणाऱ्या शोकालाही स्वतंत्र स्थान दिले आहे. ही मुदत म्हणजे त्याआधी मदत घेऊ नये असा नियम नव्हे.

घरच्या शुश्रूषकाने रुग्णाला, काय खाशील, असे विचारण्यापेक्षा पेज किंवा मऊ भात थोडा थोडा समोर ठेवावा. नैराश्यात निवड करणे हाच मोठा श्रम असतो. सकाळी उजेडात बसवावे. भाजी निवडणे, दिवा लावणे असे एखादेच काम द्यावे, आणि ते न झाल्यास बोलू नये. साधनवंताच्या दिवसाला भिक्षा, अटन, विजन, भोजन, स्मरण अशी जी आखणी असते, तिचे थोडके रूप रुग्णाला आधार देते. मात्र स्मरण बसत नसेल तर शेजारी बसून दुसऱ्याने मंद स्वरात नाम घ्यावे, एवढे पुरे. वैद्याने दिलेल्या गोळ्यांचा गुण दिसू लागण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. तोवर धीर सुटून त्या बंद करू नयेत, आणि बरे वाटले म्हणूनही मनाने सोडू नयेत.

एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. उलट ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले तर रुग्णाला क्षणभरही एकटे सोडू नये, औषधांचा साठा, कीटकनाशक, दोर दृष्टीआड करावे आणि त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. उपचार सुरू झाल्यावरचे पहिले दिवस विशेष जपावे लागतात, कारण अंगात हालचालीची शक्ती मनाच्या आधी परतू शकते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे आहे. त्याच्या नावाला लागलेली लाज आता टाकावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र ताणाखाली असलेला मानून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. अहिंसा हा ज्यांचा आचारधर्म आहे त्यांनी अशा माणसास पापी म्हणावे, आणि कायद्याने मात्र त्याला दयेस पात्र मानावे, हे शोभणारे नाही.

राहता राहिली ती शाळेत जाणारी मुलगी. भाऊ तिचाही गेलेला असतो, हे सर्वांच्या नजरेतून सुटते. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून कोणी वासनिक बाई येऊन बसली, तर त्याहून मोठी सेवा त्या घरी दुसरी नाही. पहिली दिवाळी, मुलाचा जन्मदिवस आणि तो गेला ती तिथी, हे तीन दिवस आश्रमाच्या वहीत टिपून ठेवावे. त्या दिवशी जाणाऱ्याने दंडवत घालून बसावे, पाणी मागावे, आणि मुलाचे नाव घेऊन, तो कसा होता, हे त्या आईला विचारावे. ती बोलली तर ऐकावे. न बोलली तर संध्याकाळपर्यंत तेथेच बसावे.