जीवाची योग्यता आणि स्वतःचा स्वीकार

मनुष्य दुसऱ्यास फसवितो, हे जगास दिसते. परंतु तो स्वतःस स्वतःपासून लपवितो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आपण जसे आहोत तसे कोणास चालणार नाही, अशी समजूत एकदा मनात रुजली की मनुष्य आपले कूळ, आपले गाव, आपली बोली, आपली परिस्थिती यांवर पांघरूण घालू लागतो. अशा वेळी एक प्रश्न उपस्थित होतो. स्वतःस आहे तसे पत्करणे हा धर्म होय, की धर्माचरणात आड येणारा आळस होय? परमार्गात अनुतापास महत्त्व आहे, दोषदर्शनास महत्त्व आहे. मग स्वतःच्या स्वीकारास तेथे स्थान कोणते? या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम आपल्या भंडारा जिल्ह्यातीलच उदाहरण घेऊ. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील या धानाच्या आणि तलावांच्या प्रदेशात झाडीबोली बोलली जाते. तीत 'ण' आणि 'ळ' हे वर्ण नाहीत. 'पाणी' हे 'पानी' होते आणि 'डोळा' हा 'डोरा' होतो. येथील मुलगा शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी नागपुरास किंवा पुण्यास जातो. तेथे त्याच्या उच्चारास कोणी हसतो. मग तो बोलण्यापूर्वी प्रत्येक शब्द तपासून पाहतो, चारचौघांत गप्प राहतो, आणि पुढे पुढे आई भेटीस आली असता तिने मित्रांसमोर फार बोलू नये असे त्यास वाटू लागते. येथे हानी उच्चाराची झालेली नाही. ज्या मुखातून त्याने पहिला शब्द ऐकला, त्या मुखाची त्यास लाज वाटू लागली, ही खरी हानी होय. प्रमाण भाषा शिकणे हा गुणच आहे. परंतु ती शिकण्यासाठी मातेच्या बोलीस हीन लेखावे लागते, ही समजूत मात्र भ्रम होय. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचा कसून अभ्यास केला आणि पुढे तिची साहित्य संमेलनेही भरू लागली. तेव्हा जिला लोक अशुद्ध म्हणत होते तिलाही स्वतःचे नियम व स्वतःचे शब्दभांडार आहे, हे अनेकांस उमगले. बोली पूर्वीचीच होती. पालटली ती पाहणाऱ्याची दृष्टी.

आता शास्त्राकडे वळू. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न व स्वतंत्र निरूपिले. त्यांत परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त होय. या विभागाचा अर्थ आपण पाठ करतो, परंतु त्यातील आश्वासन पुष्कळदा विसरतो. देवता सामर्थ्यवान खऱ्या, पण त्यांस मोक्ष नाही. जीव अविद्येने वेढलेला, दुर्बळ, चुकणारा. तरीही मोक्षाची योग्यता आहे ती त्याच्याच ठायी. ही योग्यता विद्येने मिळालेली नाही, द्रव्याने मिळालेली नाही, कुळाने तर नाहीच. ती जीवाच्या जीवपणातच आहे. परमेश्वर अवतार धारण करून येतो तो जीवोद्धारासाठी. ज्याच्यासाठी प्रत्यक्ष परमेश्वरास श्रम पडतात, त्या जीवाने स्वतःस टाकाऊ म्हणणे हा विनय नव्हे, ते अज्ञान होय.

याच सिद्धांताने दुसऱ्या टोकासही आळा बसतो. जीव हा जीवच आहे. तो परमेश्वर नाही आणि होणारही नाही. म्हणून स्वतःच्या स्वीकारातून अहंकार उपजण्याचे कारण उरत नाही. 'मीच सर्व काही' असे म्हणणारा आणि 'मी काहीच नाही' असे म्हणणारा, हे दोघेही स्वतःचे खरे स्वरूप नाकारतात. एक आपले बद्धत्व विसरतो, दुसरा आपली योग्यता विसरतो. दोन्ही एकत्र ध्यानी ठेवणे, हाच यथार्थ स्वीकार होय.

आपल्या पूर्वजांच्या चरित्रांत हा विचार आचरणात उतरलेला दिसतो. महदंबा बालविधवा होत्या. ज्या समाजात विधवेची सावली मंगलकार्यात वर्ज्य मानली जाई, त्या समाजातील ही स्त्री. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी ऋद्धिपुरात धवळे गाण्याचे भाग्य तिच्याच वाट्यास आले. धवळे म्हणजे लग्नातील गीते. लोकांनी जे मुख अशुभ ठरविले होते त्याच मुखातून मंगलगीते निघाली, आणि आज महदंबा मराठीच्या आद्य कवयित्री म्हणून मान्य आहेत. त्यांचे वैधव्य पुसले गेले नाही. ते अपात्रतेचे कारण मात्र उरले नाही.

आचार्य श्रीनागदेवांची गोष्टही अशीच. केशोबासांसारखे पंडित संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांस थांबविले. संस्कृतात ग्रंथ झाले तर मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, अशी चिंता त्यांनी दर्शविली. त्या वृद्धांनी आधी संस्कृत शिकावे आणि मग ज्ञानाच्या अधिकारी व्हावे, अशी अट आचार्यांनी घातली नाही. त्या जशा होत्या आणि जी भाषा बोलत होत्या, तेथपर्यंत ज्ञानानेच यावे, हा त्यांचा आग्रह होता. भंडाऱ्याच्या वाचकांस आणखी एक नाव स्मरेल. स्वामींच्या एकांक काळात त्यांस अनुसरलेले नीळभट्ट पंथाच्या वाङ्मयात भांडारेकार म्हणून ओळखले जातात. स्वामींच्या सन्निधानात येऊनही त्यांच्या नावातून गाव गळाले नाही.

समाजाच्या जीवनातही हा प्रसंग येतो. 'मानभावी' हा शब्द मराठीत ढोंगी या अर्थाने रूढ झाला. एका पंथाचे नावच निंदेचा शब्द बनले. असे शब्द कानी पडत असताना आपल्या साधूंनी सांकेतिक लिपीतील पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीचा उलगडा होऊ लागला, आणि 1925 साली यशवंत खुशाल देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा या ठेव्याचे मोल महाराष्ट्रास कळू लागले. पूर्वजांनी लोकनिंदेस आपले माप मानले असते, तर त्या पोथ्या केव्हाच नदीत सोडल्या गेल्या असत्या.

आता आक्षेपाचा विचार करू. कोणी म्हणेल, स्वतःस आहे तसे स्वीकारले तर सुधारणा कशी होणार? परंतु येथे दोन गोष्टींचा भेद करावा लागतो. दोष हा कर्माचा असतो. योग्यता ही जीवाची असते. कर्म निंद्य असेल तर ते सोडावे, त्याचा अनुताप करावा, प्रायश्चित्त घ्यावे. पण कर्माचा दोष जीवाच्या माथी कायमचा चिकटविला, तर अनुतापाचा हेतूच फसतो. अनुतप्त मनुष्य 'हे माझ्याकडून घडू नये होते' असे म्हणतो. हताश मनुष्य 'माझ्याकडून दुसरे काय घडणार' असे म्हणतो. पहिला उठतो, दुसरा बसून राहतो. रोगी आपले दुखणे वैद्यापासून लपवील तर औषध लागू पडत नाही. आणि आपण बरे होण्यासच पात्र नाही असे मानील, तर तो वैद्याकडे जाणारच नाही. स्वीकार हा सुधारणेचा शत्रू नसून तिचा आरंभ आहे.

यास्तव वासनिकांनी घरातील मुलांच्या रंगाची, बोलीची, परीक्षेतील गुणांची शेजारच्या मुलांशी तुलना करून त्यांस हिणवू नये. चूक झाली तर चुकीवर बोट ठेवावे, मुलाच्या असण्यावर नव्हे. साधुसंतांनीही आश्रमात येणाऱ्या अडाणी, दरिद्री अथवा पतित मनुष्यास प्रथम त्याची योग्यता सांगावी आणि मग त्याचे दोष. हा क्रम उलटला तर दोष तेवढे त्याच्या ध्यानी राहतात आणि योग्यता ऐकण्यापूर्वीच तो उठून जातो. नित्य स्मरणाच्या वेळी प्रत्येकाने क्षणभर एवढेच आठवावे की, मी बद्ध आहे हे खरे, आणि मी मुक्त होण्यास योग्य आहे हेही तितकेच खरे.

दंडवत प्रणाम.