उत्तर कुठे?

रावेरच्या मुलाला उत्तर दिशा विचारा. तो बेधडक सातपुड्याकडे बोट दाखवेल. तापी दक्षिणेला, हेही त्याला पाठ. आता त्यालाच केळीच्या बागेत मधोमध उभं करा. चहूकडे सारखीच खोडं, डोक्यावर पानांची दाटी, सातपुडा दिसेनासा! इथे होकायंत्र कामाला येतं.

शिकवायला फार खटाटोप लागत नाही. नकाशा जमिनीवर सपाट पसरा, त्यावर होकायंत्र ठेवा आणि नकाशावरची उत्तर सुईच्या उत्तरेशी जुळेपर्यंत नकाशा फिरवा. विळा, मोटारसायकल, मोबाइल मात्र लांब ठेवा. लोखंड आणि चुंबक सुईला भुलवतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या समोच्च रेषा दाटीवाटीने आल्या, की चढ खडा समजावा. पाल गावाकडे सातपुड्यात शिरताना हे नीट कळतं.

मोबाइल वाट दाखवतो खरा. पण डोंगरात रेंज गेली, की पंचाईत होते. दिशा ओळखणारं मूल अशा वेळी घाबरत नाही, आधी थांबून विचार करतं. येत्या रविवारी मुलांना शिवारात न्या, नकाशा त्यांच्या हातात द्या आणि घरची वाट त्यांनाच शोधू द्या.