हक्कामागील ऋण

अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलच्या (आपला फुटबॉल निराळा!) संघांना प्रक्षेपण-हक्क एकत्रितपणे विकता यावेत, म्हणून तेथील काँग्रेसने १९६१ साली त्यांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. २००६ पासून लीगने काही सामने स्वतःच्या वाहिनीवर नेले. केबल कंपन्यांशी दरावरून तंटा झाला आणि असंख्य केबलग्राहक त्या सामन्यांना मुकले. मालाचा भाव मालकाने ठरवावा, हे मान्य. परंतु समाजाने दिलेल्या सवलतीवर जो माल पोसला गेला, त्यावर समाजाचे काहीच ऋण नसावे काय? २९ डिसेंबर २००७ रोजी न्यू इंग्लंडचा अपराजित संघ सोळाव्या विजयासाठी उतरला, तेव्हा सिनेटरांच्या दडपणानंतर तो सामना सीबीएस व एनबीसीवरही दाखविण्यात आला. पुढील हंगामात लीगच्या वाहिनीवरचे सामने पुन्हा तिच्यापुरतेच राहिले.