क्षमा आणि नुकसानभरपाई

दवाखान्यातील हयगयीमुळे घरचे माणूस दगावले किंवा जन्माचे अधू झाले, तर ख्रिस्ती कुटुंबाने नुकसानभरपाई मागावी काय? आमच्या मंडळ्यांत हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, आणि उत्तर बहुधा तयार असते : प्रभूची इच्छा, क्षमा करा, कोर्टाची पायरी चढू नका. सांगणारे भले असतात. फक्त शोक त्यांच्या घरी नसतो.

पैसे मागणे म्हणजे गेलेल्या माणसाची किंमत करणे, असाही आक्षेप ऐकू येतो. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी सुमारे वीस वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचे हाड मोडले. लाकडी फळ्यांचा आधार देऊन त्याला टॅक्सीने पुण्यास नेले. तेथील शस्त्रवैद्यांनी भूल न देता, जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच रात्री मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. मृत्यूचे जे कारण पुढे केले गेले ते खरे कारण झाकण्यासाठी होते, असे न्यायालयांना आढळले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली, ती रुपये ३,०००. पंधरा वर्षांनंतरच्या तीन हजारांत मुलाची किंमत कोण करील? त्या निकालाचे मोल रकमेत नव्हते. काय घडले हे अधिकाराने लिहून ठेवले गेले, त्यात ते होते.

पवित्र शास्त्र या बाबतीत आमच्याहून कमी संकोची आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, मारामारीत जखमी होऊन अंथरुणास खिळलेल्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई आणि तो पुरता बरा होईपर्यंतचा खर्च मारणाऱ्यावर घातला आहे. गणनेच्या पाचव्या अध्यायात अपराध्याने अपराध कबूल करावा, पूर्ण भरपाई करावी आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असे सांगितले आहे. तेथे कबुली आधी येते, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. जक्कयाला तर कोणी कोर्टात खेचले नव्हते. तरी तो चौपट परत करण्यास उभा राहिला. क्षमा दुखावलेल्याने द्यायची असते, भरपाई दुखावणाऱ्याने. दुखावलेल्याच्या हातातले क्षमेचे वचन काढून घेऊन दुखावणाऱ्याची ढाल करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

करिंथकरांस लिहिताना पौलाने भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो याची लाज धरली, हे खरे. पण त्याच दमात, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यांत नाही काय, असेही त्याने विचारले. तेव्हा डॉक्टरही मंडळीतलेच असतील, तर पाळक व पंच यांनी दोघांना समोरासमोर बसवावे. नुसते गप्प बसवणे म्हणजे निवाडा नव्हे.

आता डॉक्टरांची बाजू. प्रत्येक मृत्यू हा गुन्हा नसतो, आणि औषध म्हणजे हमी नव्हे. लुधियानाच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात १९९५ साली एका रुग्णाला श्वास घेणे कठीण झाले असता आणलेला प्राणवायूचा सिलेंडर रिकामा निघाला, अशी फिर्याद होती. तो रुग्ण दगावला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणातील डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला. डॉक्टरला तुरुंगात पाठवायचे तर निष्काळजीपणा अतिशय गंभीर असला पाहिजे. रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी हा निराळा प्रश्न, असे न्यायालयाचे म्हणणे. हा भेद आम्हांस न्याय्य वाटतो. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरला मारहाण करून, काचा फोडून नातेवाइकांच्या हाती काही लागत नाही, आणि ज्याने सिलेंडर तपासायचा तो मोकळाच राहतो.

न्यूझीलंडने तर १९७४ पासून, अपघाताने इजा झालेल्यास दोष कोणाचा हे न ठरवता भरपाई देण्याची योजना चालवली. उपचारातून झालेली इजाही तीत येते. त्याबदली कोर्टात भरपाई मागण्याचा हक्क बहुतांशी सोडावा लागतो. आपल्याकडे तसे नाही. येथे चूक सिद्ध करावी लागते.

आमच्या लोकांना जड जाते ते मिशन दवाखान्यांविषयी बोलणे. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून अशा दवाखान्यांनी किती घरे वाचवली, हे सांगायला नको. म्हणूनच फुकट उपचार घेतलेल्याने तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटते. परंतु १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक संरक्षण कायद्याखाली ठरवले की, काहींकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात ज्याला मोफत तपासले, त्यालाही दाद मागता येते. सर्वांनाच मोफत पाहणारी रुग्णालये तेवढी वगळली. गरिबाचा पाय श्रीमंताच्या पायाइतकाच जपून कापायचा असतो, हे शिकायला आम्हांला न्यायालय लागावे, याचे मात्र वाईट वाटते.

मंडळीत असा प्रसंग आला, तर प्रार्थना करून परत येऊ नये. कुटुंबाबरोबर दवाखान्यात जावे. उपचारांचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळावेत असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. प्रथम डॉक्टरांनाच विचारावे, काय झाले ते सांगा. पुष्कळ भांडणे तेथेच मिटतात. ग्राहक आयोगाकडे तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि शोकात दोन वर्षे कशी जातात ते विधवेला कळत नाही. तिच्या वतीने कोणी तरी तारीख लिहून ठेवावी.