'शॅडोलँड्स': शोकाचा आस्वाद आणि श्रद्धेचा प्रश्न

खऱ्या माणसाच्या खऱ्या दुःखावर बेतलेला चित्रपट आवडीने पाहणे कितपत योग्य, हा प्रश्न रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'शॅडोलँड्स' (१९९३) या चित्रपटाबाबत टाळता येत नाही. 'नार्निया'च्या सात बालकादंबऱ्या लिहिणारे सी. एस. लुईस हे ऑक्सफर्डमधील अध्यापक आणि ख्रिस्ती श्रद्धेचे नामवंत समर्थक. जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेशी त्यांनी १९५६ मध्ये नोंदणी पद्धतीने विवाह केला. तिला हाडांचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर १९५७ मध्ये रुग्णालयातच धर्मविधीने पुन्हा लग्न लागले आणि जुलै १९६० मध्ये ती वारली. पडद्यावर अँथनी हॉपकिन्स आणि डेब्रा विंगर हे सारे जगतात. प्रेक्षक रडतो आणि तृप्त होऊन बाहेर पडतो.

करुणातून आनंद कसा मिळतो, हा वाद मराठी समीक्षेत जुनाच आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली: वाचक पात्राशी एकरूप होतो, तरी स्वतःचे भान सोडत नाही आणि या दुहेरी अवस्थेतच सुख असते. संस्कृत रसशास्त्रकार अभिनवगुप्त याहून खोल जातो. त्याच्या मते रसास्वादात शोक अमक्या एकाचा उरत नाही; तो साधारण होतो, म्हणूनच चाखता येतो. चरित्रपटाची अडचण नेमकी इथे आहे. त्यातला शोक नाव-गावासकट कुणाचा तरी असतो.

'शॅडोलँड्स' ही अडचण कात्रीने सोडवतो. जॉयला मुलगे दोन होते, चित्रपटात एकच आहे. त्यामुळे माळ्यावरचा प्रसंग साधतो: आई गेलेला मुलगा आणि वयाच्या नवव्या वर्षी, १९०८ मध्ये, स्वतःची आई गमावलेले लुईस एकत्र रडतात, तेव्हा तिथे जणू दोन पोरकी मुलेच बसलेली असतात. दुसरा भाऊ असता तर हे समीकरण विस्कटले असते. वगळलेल्याला काय वाटावे, हे मात्र रसशास्त्र विचारत नाही.

धार्मिक प्रश्नाबाबतची काटछाट अधिक गंभीर आहे. ईश्वर दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल तर दुःख का, याचे उत्तर लुईस यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' (१९४०) मध्ये दिले होते: बेसावध माणसाला ईश्वर वेदनेने जागे करतो. चित्रपटातले लुईस हेच व्यासपीठावरून ठामपणे सांगतात आणि जॉयच्या मृत्यूनंतर तेच शब्द त्यांना पोकळ वाटू लागतात. इथवर पटकथा चोख आहे. शेवटी मात्र दुःख हा प्रेमाचाच भाग ठरतो आणि ईश्वर बाजूला राहतो. आस्तिक-नास्तिक दोघांनाही चालेल असे हे सांत्वन आहे आणि तेवढेच ते पातळ आहे. प्रत्यक्षात लुईस यांना ईश्वर नसण्यापेक्षा तो क्रूर असण्याची भीती छळत होती. त्या भीतीशी झगडत ते श्रद्धेकडे परतले. हा परतीचा प्रवास पडद्यावर जवळपास नाहीच.

करुणपट म्हणून 'शॅडोलँड्स' उत्तम आहे आणि तो आवडण्यात अपराध नाही. श्रद्धेच्या प्रश्नाला मात्र तो अर्ध्यावर सोडतो. उरलेला अर्धा भाग 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' या लुईस यांच्या छोट्या पुस्तकात आहे. ते १९६१ मध्ये एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने निघाले. त्यावर लुईस यांचे खरे नाव छापले गेले ते १९६३ मधील त्यांच्या मृत्यूनंतर.