परतायचं कुठून?

प्रवासाहून आलेल्याला आपला पहिला प्रश्न असतो, ‘काय काय पाहिलंत?’ एखादं ठिकाण राहिलं असेल तर सांगणारा ओशाळतो आणि ऐकणारा हळहळतो. चिनी साहित्यात मात्र प्रवासाच्या काही अजरामर कथा आणि लेख ठरलेल्या जागी न पोहोचलेल्या माणसांचे आहेत.

त्यातला पहिला चौथ्या शतकातला वांग हुइची, थोर सुलेखनकार वांग शीचीचा मुलगा. एका हिमवर्षावाच्या रात्री त्याला दूरच्या दाई ख्वेई या मित्राची आठवण झाली. लगेच होडी काढली. रात्रभर जाऊन तो मित्राच्या दाराशी पोहोचला आणि दार न ठोठावताच माघारी फिरला. लहर आली म्हणून निघालो, ती सरली म्हणून परतलो, भेट झालीच पाहिजे असं थोडंच आहे, असा त्याचा खुलासा. ‘शिश्वो शिन्यू’ या पाचव्या शतकातल्या किस्सेसंग्रहातली ही गोष्ट मुक्त मनाचा नमुना म्हणून सांगतात. ती मोहक आहेच; फक्त रात्रभर वल्ही मारणाऱ्याला काय वाटलं, हे तिथे कोणी नोंदवलेलं नाही.

वांग आन्शीला परतण्याचा असा आनंद मिळाला नाही. 1054 साली तो आजच्या आन्हुइ प्रांतातल्या पाओचान डोंगरावरच्या गुहेत मशाली घेऊन काही जणांसोबत शिरला. आत जावं तसा अंधार दाट, थंडी बोचरी आणि भिंतींवर आधीच्या प्रवाशांनी खरडलेला मजकूर विरळ होत गेलेला. तेवढ्यात कंटाळलेला एक जण म्हणाला, आता निघालो नाही तर मशाली विझतील. सगळे बाहेर पडले. बाहेर आल्यावर वांगला चुटपुट लागली, कारण अंगात बळ होतं, मशालीही पुरेशा उरल्या होत्या. सगळं बळ लावूनही जमलं नसतं तर त्याला खेद वाटला नसता. दुसऱ्याच्या शब्दावर तो वळला, हे त्याला सलत राहिलं.

हा वांग पुढे सम्राटाचा मुख्य मंत्री झाला. शेतकऱ्यांना सरकारी कर्ज देण्यापासून अनेक सुधारणा त्याने 1069 पासून धडाक्याने राबवल्या आणि विरोध करणाऱ्यांना बाजूला सारलं. पुन्हा कोणाच्या सांगण्यावरून वळायचं नाही, असं त्याने त्या गुहेतच ठरवलं असावं, असं मला वाटून जातं. पण गुहेत पणाला लागतात ते स्वतःचे पाय. राज्यकारभारात लाखो माणसं मागून चालत असतात आणि त्यांची मशाल केव्हा विझते, हे पुढच्याला दिसतही नाही.

त्याच्या धोरणांना विरोध करणाऱ्यांत कवी सू शी होता. वांगच्या मृत्यूनंतर सुधारणावादी पुन्हा सत्तेवर आले, तेव्हा 1094 मध्ये, साठीला टेकलेल्या सूला दूर दक्षिणेला हुइचौला हद्दपार व्हावं लागलं. तिथे एकदा टेकडीवरच्या मंडपाकडे चढताना तो दमला. मंडप अजून बराच वर, झाडांच्या शेंड्यांशी. बऱ्याच वेळाने त्याच्या मनात आलं, इथेच टेकलं तर काय बिघडलं? त्या क्षणी त्याला गळातून सुटलेल्या माशासारखं मोकळं वाटलं. पाय सूचे होते आणि निर्णयही त्याचाच, म्हणून त्या थांबण्याला पराभवाचा वास नाही.

मग जिद्दीने पुढे जाणं चूक का? भारताकडे निघालेल्या चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संगच्या चरित्रात याचं उत्तर मिळतं. वाळवंटात त्याच्याकडचं पाणी सांडलं. तो काही कोस मागे फिरला, आणि भारतात पोहोचेपर्यंत माघारी पाऊल टाकायचं नाही हा आपला संकल्प आठवून पुन्हा पश्चिमेला वळला. तो वाचला, नालंदेत शिकला, दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि 645 साली 657 ग्रंथ घेऊन मायदेशी पोहोचला. त्या वाळवंटात तो एकटा होता. तहान त्याची, जीवही त्याचाच, म्हणून हट्ट करण्याचा हक्क त्याला होता.

कुठून परतायचं, हे ज्याला किंमत मोजायची आहे त्याने ठरवावं. हे मान्य केलं की सहलीत म्हाताऱ्या आईवडिलांना आणि कंटाळलेल्या मुलांना ‘आता एवढंच राहिलंय’ म्हणत ओढत नेताना जरा अडखळायला होईल. आणि एकट्याने निघालेल्याला, बळ शिल्लक असेल तर, लोकांच्या भीतीने वळण्याचं कारण उरणार नाही.